विहीर कशाने बाटते?

वैशाखात माझा फोन दोन कारणांनी वाजतो. एक मुहूर्त, दुसरं विहीर. पाणी तळाला गेलेलं असतं, मुंबईची माणसं गावी आलेली असतात, आणि कुणाच्या तरी विहिरीत काहीतरी पडलेलं सापडतं. “गुरुजी, मांजर पडलंय. फुगून वर आलंय. काय करायचं?” कधी उंदीर असतो, कधी खार, एकदा तर नुसती चप्पल होती. चपलेसाठी फोन करणारी बाई स्वतःच हसत होती, पण फोन तिने केला होता हे खरं.

मी राजापूर तालुक्यातला भिक्षुक. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जनावर काढा. पंप लावून सगळं पाणी उपसा, तळ दिसू दे. गाळ काढा, भिंती घासा. नवं पाणी चढलं की ग्रामपंचायतीतून टी.सी.एल. पावडर आणून टाका. पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग दबक्या आवाजात येतं, “ते करतोच हो. पण तुम्ही कधी येताय?”

म्हणजे शुद्धी करायला. पंचगव्य, मंत्र, चार थेंब पाणी. पंपाने, खराट्याने आणि पावडरीने जे झालं नाही ते माझ्या येण्याने होणार आहे, अशी लोकांची समजूत आहे. ते नक्की काय असतं? माझ्या पोटापाण्याचा प्रश्न असूनही, किंवा असल्यामुळेच, मी याचा पुष्कळ विचार केला आहे.

शास्त्र काय म्हणतं ते आधी सांगतो, कारण शास्त्राचं नाव घेणारे बहुतेक जण ते न वाचताच घेतात. विष्णुस्मृतीच्या तेविसाव्या अध्यायात विहिरीच्या शुद्धीचा विषय आहे. पाच नखांचा प्राणी, म्हणजे मांजर, कुत्रा, माणूस असं काही विहिरीत मेलं, तर सगळं पाणी उपसून काढायचं. उरलंसुरलं पाणी कापडाने टिपून घ्यायचं. विहीर पक्क्या विटांची असेल तर आत जाळ करायचा. (आज हे कुणी करू नये. विहिरीच्या तळाशी जाळ केला की तिथली हवा माणसाच्या कामाची राहत नाही.) आणि हे सगळं झाल्यावर, झऱ्यांतून नवं पाणी आलं की मग त्यात पंचगव्य घालायचं. क्रम बघा. उपसा पहिला, फडकं दुसरं, अग्नी तिसरा, आणि माझा नंबर सगळ्यात शेवटी, तोही नवं पाणी आल्यावर. तोपर्यंत विहीर कुणाच्याही मंत्राशिवाय नवी झालेली असते.

हे लिहिणाऱ्याने कधीतरी स्वतः विहीर उपसली असावी, किंवा उपसताना काठावर उभं राहून नीट पाहिलं असावं. कापडाने टिपून घ्या, हे घरात बसून सुचत नाही. पंप ओढायचं थांबवतो तेव्हा तळाला वीतभर पाणी उरतं, आणि खरी घाण त्या वीतभरातच असते. आमच्याकडे ते अजूनही गोणपाटाने टिपतात, घमेल्यात पिळतात आणि वर पाठवतात.

आमच्या घरची विहीर आजोबांच्याही आधीची. वरचं बांधकाम चिऱ्यांचं, खाली नुसता कातळ. जांभ्या दगडाचं वागणं विचित्र असतं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, श्रावणात विहीर काठोकाठ भरते, हात बुडवून तांब्या भरून घ्यावा इतकी. आणि चैत्र सरता सरता तीच विहीर तळ दाखवायला लागते. जांभा पाणी घेतो तसं सोडूनही देतो. म्हणून गाळ काढायचे दिवस ठरलेले. वैशाख अर्धा झाल्यावर आणि मृगाच्या आधी. तेव्हा झरे कुठून येतात ते डोळ्यांना दिसतं, एरवी नाही.

त्या दिवशी पहाटेच पंप लागतो. पूर्वी रहाट होता, त्याचं लाकूड आता पडवीत आडवं पडलंय. पाणी गुडघ्यापर्यंत आलं की माणसं उतरायची वेळ. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडतात. ज्योत मंदावली किंवा विझली तर कुणी उतरायचं नाही. पाल्याची मोठी फांदी दोराला बांधून वरखाली वरखाली करत हवा ढवळायची, मग पुन्हा कंदील. दिवा लावून कामाला सुरुवात करायची ही एक पद्धत मी ओळखतो ज्यात दिवा खरोखर काही सांगतो. सगळं मात्र सांगत नाही. इंजिनाचा पंप आत उतरवून चालू ठेवला, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड खाली साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कंदील निवांत जळत राहतो. एक माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतात. म्हणून इंजिन काठापासूनही लांब ठेवायचं, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, तो धरायला वर दोन माणसं.

गाळ वर यायला लागला की पोरं जमतात. काळाकुट्ट, सडका वास येणारा चिखल, त्यात करवंट्या, चेंडू, पोचे आलेली कळशी, गळ घालून घालूनही न सापडलेला पोहरा. एका वर्षी आईच्या मंगळागौरीतलं पितळी निरांजन आलं. हा गाळ नारळाच्या आळ्यांत जातो. मग पहारीने झऱ्यांची तोंडं मोकळी करायची, कारण झाडांच्या मुळ्या तिथे शिरून बसलेल्या असतात. चिऱ्यांच्या फटीत पिंपळाचं रोप दरवर्षी येतं. पिंपळ तोडावा का, हेही लोक मलाच विचारतात. मी सांगतो, चार पानांचा असताना उपटा, म्हणजे शास्त्र विचारायची वेळ येणार नाही. दहा वर्षांनी तोच बांधकाम फोडतो आणि तेव्हा तो देव झालेला असतो.

उतरणारा गडी खालच्या वाडीतला. त्याचा बापही उतरायचा. एका साली सगळं आटपल्यावर मी नारळ, फुलं, पंचगव्याचं भांडं घेऊन काठावर आलो, तेव्हा तो अंग धुऊन पायरीवर बिडी ओढत बसला होता. म्हणाला, “भटजी, झऱ्याचं तोंड मोकळं झालं की झालं. पुढचं तुमचं तुम्ही.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याचं काम झालं होतं, माझं सुरू व्हायचं होतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मला मात्र त्याचा बाप आठवला.

मी लहान असताना विहिरीत काही मेलं की काढायला त्यालाच बोलवत. तो आत उतरायचा, मेलेलं जनावर पाटीत घालायचा, मग दिवसभर तळाशी उभा राहून गाळ भरायचा. विहिरीतला एकही दगड असा नसेल ज्याला त्याचा हात लागला नाही. झऱ्यात त्याचे पाय बुडालेले असायचे. संध्याकाळी तो वर आला आणि त्याला तहान लागली, की तो खाली बसून ओंजळ पुढे करायचा आणि आजी वरून, हात न लागेल अशा बेताने, पाणी ओतायची. कळशीला त्याने शिवायचं नाही. मग आजोबा येऊन पंचगव्य घालायचे. ते मेलेल्या मांजरासाठी होतं की उतरलेल्या माणसासाठी, हे आजोबा कधी बोलले नाहीत.

विष्णुस्मृतीच्या त्या जागी विहीर कुणी उपसायची, कुणी उपसू नये, याबद्दल चकार शब्द नाही. पाण्यात काय पडलं एवढाच तिथला प्रश्न. पाण्याला हात कुणाचा लागला, हा प्रश्न आम्ही घातला. त्याला आधार देणारी वचनं इतर ग्रंथांत मिळतात, नाही असं मी म्हणत नाही. धर्मशास्त्र हा एका सुरात बोलणारा माणूस नव्हे. पण दोन प्रश्न दोन वेगळ्या जातींचे आहेत. पहिला पाण्याबद्दल आहे, त्याचं उत्तर उपशाने मिळतं. दुसरा माणसांबद्दल आहे, आणि त्याला कितीही उपसा केला तरी तळ लागत नाही.

आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक कोकणी मुसलमान. आम्ही दोघं एसटीची वाट बघत पारावर बसलो की असल्या गोष्टी निघतात. मी त्यांना पंचनखांचं सांगितलं, त्यांनी मला त्यांच्याकडचं सांगितलं. हनफी ग्रंथांत बादल्यांचा हिशेब आहे. उंदीर किंवा चिमणी पडून मेली तर वीस ते तीस बादल्या काढायच्या. मांजर किंवा कोंबडी असेल तर चाळीस ते साठ. बकरी, कुत्रा, माणूस असेल, किंवा लहान प्राणी पण फुगून फुटलेला असेल, तर सगळं पाणी. पण कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे; त्यांचं माप निराळं. दोन मोठे रांजण, म्हणजे साधारण दोनशे लिटर, एवढ्यापेक्षा पाणी जास्त असेल तर त्याची चव, रंग किंवा वास बदलल्याखेरीज ते अशुद्ध मानायचं नाही. मास्तर म्हणाले, “म्हणजे आमच्याकडे नाक आणि जीभ हे काझी.” मी त्यांना आमचं माप सांगितलं. जमिनीवरचं पाणी गाय पिऊन तृप्त होईल एवढं असेल, आणि त्याला घाण लागली नसेल, तर ते शुद्ध. मनूही हेच म्हणतो, याज्ञवल्क्यही. दोन्हीकडच्या जुन्या माणसांना पाण्यावर विश्वास होता, असं मला वाटलं. पुरेसं असलं की ते आपलं आपण सांभाळून घेतं.

जंतू त्यांना ठाऊक नव्हते, हे मान्यच आहे. स्वच्छ, गोड, बिनवासाच्या पाण्यातूनही कॉलरा होतो. म्हणून मी पावडरीवर अडून बसतो, आणि तिचा हिशेब मंत्राइतकाच पाठ ठेवला आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या उंचीने आणि ३.१४ ने गुणा, चाराने भागा, हजाराने गुणा, की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर चौदा हजार लिटरच्या जरा वर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर धरली तर पस्तीस ग्रॅम, मुठीत मावेल एवढी. पण ती तशीच विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत सोडून जोरात वरखाली करायची. निदान तासभर थांबायचं. मग ग्रामपंचायतीचा पाणी बघणारा माणूस नळीत थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो. मी पंचगव्य घालतो ते दुसऱ्या दिवशी, आणि ते इतकं थोडं की त्याने क्लोरिनची पंचाईत होऊ नये. गोमय तर मी कधीच सोडून दिलं आहे. दर्भाच्या टोकाने प्रोक्षण करतो, काठावर. कुणी कर्मठ विचारतो, हे चालतं का? मी म्हणतो, नव्या पाण्यात घाण घालू नये हे त्याच अध्यायाचं सार आहे.

विहिरीतलं कासव, बेडूक आणि डासांसाठी सोडलेले गप्पी मासे यांचा विषय माझ्या बायकोने एकदा काढला होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं, आई होती तोवर, ती महिन्यातले चार दिवस विहिरीकडे फिरकत नसे. एकदा आईच्या देखत म्हणाली, “कासव बारा महिने आतच असतं. खातं आत, सगळं करतं आत. त्याने विहीर बाटत नाही, माझ्या सावलीने बाटते.” आई काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मात्र तिने सुनेला पाण्याला जायला सांगितलं, कारण स्वतःचे गुडघे दुखत होते. आमच्या घरातली ती चाल अशी गुडघेदुखीने मोडली. पुष्कळ चाली अशाच मोडतात, त्याचं श्रेय मागाहून विचारवंत घेतात.

पाव टाकून विहीर बाटवल्याची गोष्ट गोव्यात, वसईत, आमच्याकडेही सांगतात. फिरंग्याने रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्यायलं, आणि मग ब्राह्मणांनी सांगितलं की तुम्ही बाटलात, आता परत येणं नाही. गोष्ट किती खरी, किती रचलेली, ते इतिहासकारांनी बघावं. मला तिच्यातली एकच गोष्ट छळते. सांगणारे सगळे पाव टाकणाऱ्याला दोष देतात. पण पाव हा पाच नखांचा प्राणी नव्हे. मेलेल्या माणसाची विहीरसुद्धा उपसून शुद्ध होते असं स्मृती सांगत असताना, ओल्या पावाच्या तुकड्यापायी अख्खं गाव कायमचं परकं? कुणालाच पोहरा घेऊन विहीर उपसावीशी वाटली नाही?

महाडला तर याच्या पुढची पायरी झाली. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला, आणि १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि तिथल्या परिषदेला आलेली माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. पुढे मारहाण झाली, आणि नंतर सनातनी मंडळींनी १०८ घागरींचा विधी करून, पंचगव्य घालून तळं शुद्ध करून घेतलं. त्या तळ्यावर गुरं जात होती, परधर्मीय जात होते, तेव्हा घागरी निघाल्या नव्हत्या.

आता मी या धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. मघाशी सांगितलेल्या त्याच अध्यायात, विहिरीच्या लगेच पुढे, तळ्यांबद्दल आहे. लहान साचलेले जलाशय विहिरीसारखे शुद्ध करावेत, आणि मोठ्या जलाशयांना दोषच नाही. दोषच नाही! मेलेलं जनावर पडलं तरी नाही. तिथे तहानलेली जिवंत माणसं ओंजळभर पाणी प्यायली तर दोष कुठून आला? आणि १०८ हा आकडा कुठला? विहीर असती तर सगळं पाणी उपसायला हवं होतं. मोठं तळं आहे म्हटल्यावर एक थेंबही काढायची गरज नव्हती. १०८ हा जपमाळेचा आकडा, पाण्याचा नव्हे. ज्या भिक्षुकांनी तो विधी सांगितला त्यांनी शास्त्र पाळलं नाही, शास्त्राच्या आवाजात बोलले. माझ्या पेशावर यापेक्षा मोठा डाग मला ठाऊक नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा तिथे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे चित्पावन ब्राह्मणही होते, हे आमच्या लोकांना सहसा आठवत नाही. तळं खासगी आहे असं म्हणत सनातनी कोर्टात गेले, आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात हरले.

इतकं झाल्यावर वाटेल की हा भटजी आता विधी सोडून द्या म्हणणार. मलाही तसं वाटायचं, शेजारच्या गावातली एक विहीर होईपर्यंत.

त्या घरातल्या सुनेने विहिरीत जीव दिला. पोलीस आले, पंचनामा झाला. विहीर एकदा नाही, पुन्हा पुन्हा उपसली. पाणी तपासायला पाठवलं, अहवाल चांगला आला. आणि तरी घरातलं कुणी ते पाणी तोंडात घालू शकेना. ओढ्यावरून पाणी आणायचे, हंडे डोक्यावर घेऊन स्वतःच्या विहिरीवरून जायचे. मुलगा म्हणत होता बुजवून टाकू. अहवाल खोटा नव्हता आणि ती माणसंही वेडी नव्हती. ज्या पाण्यात आपलं माणूस रात्रभर होतं, त्याचा चहा कसा करायचा?

मला बोलावलं तेव्हा मी एकच अट घातली. शेवटचा उपसा गड्यांनी नाही, घरच्यांनी करायचा. पंप नाही, दोर आणि कळशी. सासऱ्यांनी ओढलं, मुलाने ओढलं, दिरांनी ओढलं. मी वरुणाची सूक्तं म्हणत होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या म्हणण्यापेक्षा कप्पीचा आवाज मोठा होता. रात्रभर पाणी चढू दिलं. सकाळी प्रोक्षण केलं आणि सासूबाईंना म्हटलं, पहिली कळशी तुम्ही ओढा. त्यांनी ओढली, प्यायल्या नाहीत, अबोलीच्या ताटव्याला घातली. दुसऱ्या दिवशी भात त्या पाण्यात शिजला, असं मला नंतर कळलं.

इथे क्लोरिनचं काम आधीच झालेलं होतं. तरी काहीतरी उरलं होतं आणि ते विधीने हललं. ते पाण्यात नव्हतं, माणसांत होतं, हे उघड आहे. पण मग महाडच्या मंडळींचं जे बाटलं होतं तेही पाण्यात नव्हतं, त्यांच्यातच होतं. पंचगव्य तेच, मंत्र जवळपास तेच. एकीकडे मी त्याला सांत्वन म्हणतो, दुसरीकडे अपमान. हा फरक माझ्या सोयीचा आहे की खरा, याने मला कित्येक रात्री जागवलं.

आज माझं उत्तर असं आहे. विधी झाल्यानंतर पाण्याशी कोण आलं आणि पाण्यापासून कोण हटलं, ते बघावं. त्या घरी विधीनंतर दुरावलेली माणसं विहिरीकडे परत आली. महाडला विधीनंतर आलेली माणसं हटवली गेली. मंत्र दोन्हीकडे आपलं काम करतो. कुठलं काम, ते त्याला बोलावणारा ठरवतो. म्हणून बोलावणाऱ्याला प्रश्न विचारणं हा भिक्षुकाच्या कामाचा भाग आहे, आणि तो माझ्या गुरुजींनी मला शिकवला नव्हता.

पण हे उत्तरही पुरतं बसत नाही, तेही सांगायला हवं. ती सून का गेली, हे त्या घरात कुणी बोललं नाही. विधीने त्यांचं दुःख हललं, की न बोललेलं काही झाकलं गेलं? विहीर शुद्ध झाली. घर झालं की नाही, हे पंचगव्याच्या अखत्यारीतलं नव्हतं. मात्र विहीर बुजवली असती तर ती गोष्टही तिच्याबरोबर बुजली असती, असं मला वाटतं. आता निदान रोज कळशी सोडताना कुणाला तरी ती आठवत असेल.

आमच्या शास्त्रात विहिरीचा आणखी एक विधी आहे, आणि तो हल्ली मला कुणी सांगत नाही. उत्सर्ग. भारतरत्न पां. वा. काणे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात याचं सविस्तर विवेचन आहे. विहीर किंवा तळं खोदून झालं की मालकाने त्यातलं पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यायचं. दानात घेणारा असतो, इथे कुणी एक घेणारा नाही. सगळ्यांसाठी सोडलेलं असल्यामुळे, सगळ्यांतला एक म्हणून मालकही पाणी घेऊ शकतो, पण सगळ्यांतला एक म्हणूनच. पुण्य खोदण्याचं आहे आणि सोडण्याचंही. असं जिथे लिहिलं आहे तिथेच, त्याच परंपरेत, तहानलेल्या माणसाने ओंजळ धरायची आणि वरून पाणी ओतायचं, हेही होतं; दोन्ही एकाच अंगणात शेकडो वर्षं नांदलं. आजोबांना उत्सर्गाचा संकल्प तोंडपाठ होता.

हल्ली विहिरी पुन्हा खासगी होताहेत, पण वेगळ्या कारणाने. वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे झाले, मुंबईकरांनी दोन-दोन गुंठ्यांत बंगले बांधले. विहीर एका कोपऱ्यात, संडासाचा खड्डा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि कोपरे मात्र जवळजवळ. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट अंतर हवं. आणि जांभा तर चाळणी आहे, तिथे त्याहूनही जास्त असलेलं बरं. दोन गुंठ्यांत पन्नास फूट सापडायला दैवयोग लागतो. या पाण्याचा रंग बदलत नाही, वास येत नाही, मांजर पडत नाही. शाफईंचं नाक आणि आमची गाय, दोन्ही इथे फसतात. वस्तीतली पोरं जुलाबाने आजारी पडतात तेव्हा कळतं, आणि तेव्हाही नजर आधी शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाते.

यंदा असाच एक फोन आला. नवं घर, नवी विहीर, वास्तुशांतीबरोबर विहिरीचं पूजनही करायचं होतं. मी जाऊन बघून आलो. खड्डा विहिरीपासून माझ्या बारा पावलांवर, आणि चढावर. मी घरमालकाला म्हटलं, आधी हा खड्डा पलीकडे उताराला न्या, मग मुहूर्त काढू. तो म्हणाला, “गुरुजी, खड्ड्याचं इंजिनिअर बघेल. तुम्ही फक्त पूजेचं सांगा.” मी म्हटलं, विहिरीच्या पूजेत पहिलं कलम खड्डाच आहे. तो हसला, मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं. लांज्याकडचे दुसरे गुरुजी येऊन पूजा करून गेले. त्यांनी दक्षिणा किती घेतली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आमच्या धंद्यात ती बातमी आधी पोचते. ग्रामपंचायतीत पाणी तपासणीसाठी मी अर्ज देऊन ठेवला आहे. पावसाळ्यात पाणी वर चढलं की नमुना घेऊ म्हणाले.